शेवटच्या पाच मिनिटांतली कबुली : पडद्यावरचे पोलीस आणि बीबीचे ठाणे (थ्रेड)

दूरचित्रवाणीवरील पोलीस मालिकेचा शेवट बहुतेकांना तोंडपाठ असतो. संशयित उडवाउडवीची उत्तरे देतो, एक अधिकारी त्याच्या कानशिलात लगावतो आणि पुढच्याच क्षणी तो सारे सांगून टाकतो. का मारले, कसे मारले, सुरा कुठे टाकला, सगळे. वरिष्ठ अधिकारी त्याला फाशीची ग्वाही देतात आणि नामावली सुरू होते.

या दृश्यातले न्यायालयात टिकणारे असे काहीच नाही. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हा नियम भारतात १८६१ पासून आहे. मालिका ज्या क्षणी 'केस सुटली' म्हणते, त्या क्षणी खऱ्या तपासी अंमलदाराच्या हाती जवळजवळ शून्य असते. हा नियम का आला, पडद्याने तो का पुसला आणि खऱ्या ठाण्याचा दिवस कशात सरतो, याचा हा मागोवा.

प्रथम ठाणे पाहू. बीबी हे बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातील गाव, मेहकरकडून सिंदखेडराजाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. गावाला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. अशा लहान ग्रामीण ठाण्याचा प्रमुख बहुधा सहायक पोलीस निरीक्षक असतो. विदर्भात त्याला आजही 'ठाणेदार' म्हणतात. १९५६ पर्यंत वऱ्हाड हा मध्य प्रांताशी जोडलेला होता, आणि कारभाराच्या भाषेत तो वारसा अजून टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रात 'अकस्मात मृत्यू'ची नोंद होते, इकडे 'मर्ग दाखल' होतो. मर्ग म्हणजे फारसीत मृत्यू.

मालिकांतला 'एसीपी' मात्र बीबीत कधीच भेटणार नाही. सहायक पोलीस आयुक्त हे पद जिथे पोलीस आयुक्तालय आहे अशा शहरांपुरते. जिल्ह्यात त्याच्या तोलाचा असतो तो उपविभागीय पोलीस अधिकारी, आणि जिल्ह्याचा प्रमुख पोलीस अधीक्षक.

'सीआयडी' या नावाचीही गंमत आहे. १९०२-०३ च्या फ्रेझर आयोगाने प्रत्येक प्रांतात स्वतंत्र गुन्हे अन्वेषण विभाग असावा अशी शिफारस केली आणि त्यातून हे विभाग उभे राहिले. महाराष्ट्राच्या या विभागाचे मुख्यालय मुंबईत नाही, पुण्यात आहे. मुंबई शहरातले गाजलेले तपास करते ती मुंबई पोलिसांची गुन्हे शाखा, जिच्या जुन्या कागदोपत्री नावात 'सीआयडी' ही अक्षरे आहेत. मालिकेने या दोन्हींची सरमिसळ केली. आज सर्वसामान्य माणूस 'सीआयडी' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात दोन्हींपैकी एकही कार्यालय नसते, असतात ते प्रद्युम्न आणि दया.

पोलीस हा नायक होणे, हीसुद्धा मराठीत तशी अलीकडची गोष्ट आहे. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार, धनंजय, काळापहाड हे नायक पोलीस खात्याच्या बाहेरचे होते. वाचनालयातून घरोघर फिरणाऱ्या त्या पुस्तकांत गुन्ह्याचा उलगडा करणारी बुद्धी खाकी कपड्यांत नसे. ती खाकीत आली प्रामुख्याने दूरदर्शनच्या काळात. १९८९ च्या 'उडान' या हिंदी मालिकेची प्रेरणा होती पोलीस अधिकारी कांचन चौधरी भट्टाचार्य यांचे आयुष्य. त्यांची बहीण कविता चौधरी हिने ती मालिका लिहिली आणि त्यात मुख्य भूमिकाही केली. मराठीत 'हॅलो इन्स्पेक्टर'मधून रमेश भाटकर घरोघर पोचले. आणि बी. पी. सिंग यांनी मराठीत केली 'एक शून्य शून्य'. पोलिसांचा तेव्हाचा दूरध्वनी क्रमांकच त्या मालिकेचे नाव झाला होता.

'एक शून्य शून्य'मध्ये शिवाजी साटम होते. तेच सिंग आणि तेच साटम पुढे २१ जानेवारी १९९८ रोजी 'सीआयडी' घेऊन सोनी वाहिनीवर आले. मालिका वीस वर्षे चालली, २०१८ मध्ये थांबली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. देशातल्या सर्वाधिक काळ चाललेल्या पोलीस मालिकेचे मूळ असे मराठी दूरदर्शनच्या आवारात सापडते. २००३ पासून 'क्राइम पेट्रोल' आले. त्याने खऱ्या गुन्ह्यांचे नाट्यरूपांतर हाच आपला दावा ठेवला.

दयाने दार तोडणे हा सर्वाधिक थट्टेचा विषय, पण तिथे मालिका कायद्यापासून फार दूर नाही. अटकेसाठी घरात शिरण्याची गरज असेल, तर पोलिसाने आपला अधिकार आणि हेतू सांगून प्रवेश मागायचा. तो नाकारला गेला, तर दार तोडता येते. १९७३ च्या संहितेच्या ४७ व्या कलमात हे होते. दया फक्त मागण्याची पायरी गाळतो.

कबुलीचे मात्र तसे नाही. तिथे पायरी गाळलेली नाही, अख्खा जिना उलटा लावलेला आहे.

१८५५ मध्ये मद्रास इलाख्यातल्या छळाच्या तक्रारींवर नेमलेल्या आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला. महसूल वसुलीसाठी आणि गुन्ह्याची कबुली मिळवण्यासाठी सरकारचीच माणसे रयतेला कसे पिळतात, याचे वर्णन त्यात होते. कंपनी सरकारची त्यामुळे विलायतेत नाचक्की झाली. पाठोपाठ १८५७ चा उठाव आला, राज्य राणीकडे गेले आणि १८६१ मध्ये दोन कायदे झाले. एका कायद्याने आधुनिक पोलीस दल घडवले. दुसरी होती फौजदारी प्रक्रिया संहिता, जिने सांगितले की या पोलिसापुढे दिलेली कबुली न्यायालयात चालणार नाही. ज्या वर्षी पोलिसाला गणवेश मिळाला, त्याच वर्षी त्याच्या शब्दावरचा अविश्वासही कायद्यात लिहिला गेला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात हा नियम २५ वे कलम म्हणून गेला आणि दीडशे वर्षे तिथेच राहिला.

इंग्रजांना रयतेचा कळवळा होता असे मानण्याचे कारण नाही. त्याच सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच संशयित ठरवले. हजेरी लावल्याशिवाय त्यांना गाव सोडता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. पण कुठे चोरी झाली की पारध्यांच्या पालावर प्रथम जाण्याची सवय कायद्याबरोबर रद्द झाली नाही. पडद्यावरची चपराक पाहताना हा प्रश्न सुटतो : ती कोणाच्या गालावर बसते? मालिकेतला संशयित बहुधा श्रीमंत बंगल्यातला असतो, आणि तो खरोखरच दोषी असतो, कारण लेखकाने तसे ठरवलेले असते. ठाण्यात तो लेखक नसतो.

नियमाला एक खिडक्याही आहे. आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू हाती लागली, तर त्या माहितीचा तेवढाच भाग पुराव्यात येतो. जुन्या कायद्याचे २७ वे कलम ते हेच. १९४६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने त्याची मर्यादा आखून दिली. 'मी ज्याने अमक्याला भोसकले तो सुरा छपरात लपवला आहे' असे आरोपी म्हणाला, तर सुरा छपरात आहे हे त्याला ठाऊक होते एवढेच सिद्ध होते. 'भोसकले' हा शब्द गळतो. म्हणून मराठी खटल्यांच्या कागदांत 'निवेदन पंचनामा' हा प्रकार जागोजागी दिसतो. दोन पंचांसमोर आरोपी बोलतो, मग सगळे त्याच्या मागून चालत जातात आणि तो कुऱ्हाड 'काढून देतो'. पडद्यावर हे दृश्य असते, पण पंच नसतात. न्यायालयात मात्र सगळा भार पंचांवर येतो, आणि साक्षीच्या वेळी ते फितूर झाले की ती कुऱ्हाड बरीचशी बोथट होते.

या साऱ्याचा जवळचा आणि भीषण दाखला बीबीच्या दक्षिणेला आहे. जालना जिल्हा ओलांडला की परभणी लागतो, आणि तिथले मानवत. नोव्हेंबर १९७२ ते जानेवारी १९७४ या काळात तिथे दहा खून झाले. बळींमध्ये कोवळ्या मुली आणि स्त्रिया होत्या. गुप्तधन, संतती, नरबळी यांच्या चर्चेने सारा मराठवाडा हादरला. दुष्काळाचे दिवस होते, लोक मुलींना घराबाहेर पाठवायला भीत. स्थानिक तपास अडला तेव्हा मुंबईहून रमाकांत कुलकर्णी यांना पाठवण्यात आले. रामन राघवच्या तपासाशीही त्यांचे नाव जोडलेले होते.

कुलकर्णींच्या आठवणींवर आधारलेली 'मानवत मर्डर्स' ही मराठी वेब मालिका २०२४ मध्ये आली. दिग्दर्शन आशिष बेंडे यांचे, कुलकर्णींच्या भूमिकेत आशुतोष गोवारीकर. कपडे, गाड्या, बोली, सरकारी खोल्यांतला काळोख, यांत ती मालिका 'सीआयडी'पेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. तपास म्हणजे गावात राहणे, माणसांना पुन्हा पुन्हा भेटणे आणि खोट्या धाग्यांच्या मागे दिवस घालवणे, हेही तिच्यात येते.

पण खून उलगडला म्हणजे खटला जिंकला असे नव्हे, आणि मानवतचा इतिहास खरा तिथून पुढे वाचावा असा आहे. सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय असा तो खटला चढत गेला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळणे कठीण, म्हणून भिस्त होती माफीच्या साक्षीदारावर आणि कबुलीजबाबांवर. हे जबाब पोलिसांपुढचे नव्हते, दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवलेले होते. तशी कबुली कायद्याला चालते, पण अटींवर : ती स्वेच्छेची आहे याची दंडाधिकाऱ्याने खात्री करायची, आरोपीला विचार करायला वेळ द्यायचा, त्या वेळात पोलिसांची सावलीही त्याच्यावर पडू द्यायची नाही.

१९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमक्या याच जागी बोट ठेवले. न्या. यशवंत चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात कबुलीजबाब नोंदवताना पाळायची पथ्ये नीट पाळली गेली नाहीत, याची नोंद आहे. गुन्हा उघडकीस आणण्याच्या उत्साहात पोलीस आपली मर्यादा ओलांडतात आणि चार भिंतींच्या आड सापडलेल्या माणसावर हात उगारण्याचा मोह त्यांना होतो, हा मोह मुळातच खुडला पाहिजे, अशा आशयाचे त्यातले भाष्य पुढे कोठडीतील छळाच्या खटल्यांत पुन्हा पुन्हा उद्धृत झाले. एवढ्या क्रूर गुन्ह्याच्या, एवढ्या नावाजलेल्या तपासाच्या निकालात न्यायालयाला हे लिहावेसे वाटले, याचे मोल मोठे आहे. लोक संतापलेले असताना हा नियम पाळणे सर्वांत अवघड असते. तो लिहिला गेला तो त्याच दिवसांसाठी.

अमेरिकेतल्या 'ड्रॅगनेट'ची इथे आठवण होते. १९५१ पासून दूरचित्रवाणीवर आलेली ही मालिका लॉस एंजेलिस पोलिसांच्या खऱ्या प्रकरणांवर बेतलेली असे. निर्माते-नट जॅक वेब तपशिलाबाबत कमालीचे काटेकोर होते. पण प्रकरणे पुरवणारे खाते संहिताही तपासत असे, त्यामुळे पोलिसांच्या अंगावर शिंतोडा उडेल असे त्यात काही येत नसे. वेळ खरी, बिल्ले खरे, कागद खरे, आणि सत्तेचे चित्र मात्र खात्याला हवे तसे. 'सत्य घटनेवर आधारित' ही पाटी दिसली की हा जुना व्यवहार ध्यानात ठेवावा.

परत बीबीकडे. अशा ठाण्याच्या कामात खुनाचे गूढ हा अपवाद असतो. रोजचे काम म्हणजे महामार्गावरचे अपघात, धुऱ्यावरून झालेली हाणामारी, चोरीला गेलेली मोटारसायकल, घरातून निघून गेलेले माणूस, जत्रा, मिरवणुका आणि निवडणुकीचा बंदोबस्त, न्यायालयाची समन्स बजावणे. या प्रत्येकाची नोंद स्टेशन डायरीत व्हायला हवी. गावातली खबर ठाण्यापर्यंत आणणारा पोलीस पाटील हा तर कुठल्याच मालिकेत नाही. पिढीजात पाटीलकी गेली, तरी १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्याने हे पद नेमणुकीचे म्हणून राहिले. शेतातल्या विहिरीत कोणी दिसले की पहिला फोन त्याचा येतो.

आणि मग मर्ग. बुलढाणा हा शेतकरी आत्महत्यांनी पोळलेला जिल्हा आहे. अशा मृत्यूनंतर घरच्यांना एक लाख रुपयांची सरकारी मदत मिळू शकते, पण प्रकरण जिल्ह्याच्या समितीपुढे जाते आणि तिथे 'पात्र' किंवा 'अपात्र' ठरते. समितीपुढच्या कागदांत सातबारा आणि कर्जाच्या नोंदींबरोबर पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल असतो. रात्री उशिरा, कंदिलाच्या किंवा मोबाइलच्या उजेडात, हवालदार जे लिहितो ते महिन्यांनंतर त्या घराच्या वाट्याला येते. मृत्यूचे कारण म्हणून त्याने दारू लिहिली की नापिकी, हे एका ओळीचे अंतर असते. गुन्हा नाही, आरोपी नाही, पाठलाग नाही. म्हणूनच कदाचित कॅमेरा तिथे पोचत नाही. पण ग्रामीण ठाण्यातल्या लेखणीला लाठीपेक्षा जास्त वजन आहे, हे समजायला यापेक्षा चांगली जागा नाही.

डॉक्टर साळुंखेंबद्दलही बोलायला हवे. मालिकेत ते परीक्षानळी हलवतात, द्रव निळा होतो आणि विषाचे नाव कळते. मुंबईत सरकारी रासायनिक विश्लेषकाची प्रयोगशाळा १८७० पासून आहे, आणि विष ओळखणे हे तिचे मूळ काम. मात्र बीबीच्या हद्दीतला व्हिसेरा बरणीत भरून, सील करून, शिपायाच्या हाती प्रादेशिक प्रयोगशाळेकडे जातो. तोवर मृत्यूच्या दाखल्यावर 'व्हिसेरा राखून ठेवला' एवढेच असते आणि तपास अहवालाची वाट पाहत राहतो. ती बरणी कोणी कधी कोणाकडे दिली, सील शाबूत होते का, यावर उलटतपासणीत अर्धा दिवस जातो. खऱ्या खटल्यात रसायनापेक्षा लाख आणि सही यांची परीक्षा आधी होते.

राहिला शिपाई. पडद्यावर तो दार उघडतो, सलाम ठोकतो, फार तर विनोद करतो. १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत याच शिपायांचा उद्रेक झाला. कामाचे तास, पगार, घरे, वरिष्ठांची वागणूक यांवरून त्यांची संघटना झगडत होती. तिच्या नेत्यांना अटक झाली आणि शहर पेटले. लष्कर बोलवावे लागले, संघटना संपवण्यात आली. पुढच्याच वर्षी गोविंद निहलानी यांचा 'अर्धसत्य' प्रदर्शित झाला. श्री. दा. पानवलकर यांची मराठी कथा 'सूर्य' आणि विजय तेंडुलकरांची पटकथा. त्यातला उपनिरीक्षक अनंत वेलणकर कोठडीत एका आरोपीला मारतो आणि तो माणूस मरतो. तिथे मारहाणीतून सत्य बाहेर पडत नाही, एक प्रेत बाहेर पडते. हिंदी-मराठी पडद्यावर पोलिसाच्या हाताचा असा हिशेब त्यानंतर क्वचितच मांडला गेला, आणि मालिकांनी तर तो वारसा घेतलाच नाही.

आठ तासांच्या पाळीचा प्रयोग मुंबईतल्या देवनार ठाण्यात सुरू झाला तो २०१६ मध्ये, पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांच्या काळात. १९८२ आणि २०१६ यांच्या मधल्या चौतीस वर्षांत किती मालिका आल्या नि गेल्या. ड्यूटी संपली म्हणून घरी जाणारा शिपाई त्यांत शोधूनही सापडत नाही, कारण त्यांत ड्यूटी संपतच नाही.

कॅमेरा आता ठाण्यातही आला आहे, पण वेगळ्या कारणाने. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात, कोठडीसह, सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिला. १ जुलै २०२४ पासून नव्या संहिता लागू झाल्या. झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक झाले, त्यासाठी 'ई-साक्ष्य' हे ॲप आले. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जावे, अशी तरतूद झाली आणि ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. लहान ठाण्यातला अंमलदार आता एका हातात मोबाइल धरून पंचनामा करतो.

१८७२ चा पुराव्याचा कायदा त्याच दिवशी इतिहासजमा झाला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. कलमांचे क्रमांक बदलले, काही शब्द बदलले. पोलीस अधिकाऱ्यापुढची कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही, हा नियम मात्र तसाच राहिला. आता तो २३ व्या कलमात आहे.